काकांना बसवून ठेवू नका

आमच्या नात्यात आता बायपास किंवा अँजिओप्लास्टी न झालेलं घर शोधावं लागेल. आणि दर वेळी तेच. पेशंट घरी आला की सगळे त्याला जपायला लागतात. तांब्या उचलू नका, जिना चढू नका, काका तुम्ही बसा हो! तीन महिन्यांनी काका खरंच बसलेले असतात, खुर्चीतून उठायलाही घाबरतात.

मला वाटतं, या प्रेमाने नुकसान होतं.

एकेकाळी डॉक्टरही हेच करत. हार्ट अटॅकनंतर चार ते सहा आठवडे बिछान्यातून हलायचं नाही. १९५२ मध्ये बोस्टनच्या लिव्हाइन आणि लाउन यांनी अशा पेशंटना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा ते धाडस वाटलं होतं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. पुढच्या वर्षी ते गोल्फही खेळले आणि निवडणूकही जिंकले. त्याही आधीची गंमत म्हणजे, अंजायनाचं वर्णन करणाऱ्या हेबर्डनने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापून जवळजवळ बरा झालेला एक रोगी नोंदवून ठेवलाय. ते पुस्तक १८०२ चं!

आज कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये व्यायाम औषधासारखा मोजून देतात. आधी तपासणी, मग सहा मिनिटांत किती चालता येतं ते बघायचं, त्यावरून वेग आणि वेळ. सुरुवात हळू, शेवटही हळू, एकदम थांबायचं नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, हा एक सोपा अंदाज. (नाडी मोजणाऱ्यांसाठी: बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही, त्यामुळे पुस्तकातला आकडा गाठायचा हट्ट नको.) छातीत दुखलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबून डॉक्टरांना सांगायचं. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलणं मात्र खरंच बंद.

आपल्याकडे अशी सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या हॉस्पिटलांत आहे. बाकीच्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या सकाळ-दुपार-रात्र लिहिलेल्या असतात, आणि व्यायामाच्या नावाने फार तर 'चालत जा'. किती? कसं? मला राग येतो तो याचा.

भारतातल्या २४ हॉस्पिटलांत सुमारे चार हजार पेशंटवर योगाधारित रिहॅबचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योगाने पुढचे झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. पण लोकांना बरं वाटत होतं आणि ते आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. यंत्रं परवडत नाहीत तिथे हे काही थोडं नाही.

काकूंचं मात्र उलटं. त्या पंधरा दिवसांत ओट्याशी उभ्या राहतात आणि सगळे म्हणतात, झाला की व्यायाम! नाही झाला. पोळ्या लाटणं म्हणजे मोजून दिलेलं चालणं नव्हे. त्यांनाही तपासणी हवी, रोजचा स्वतःचा अर्धा तास हवा, आणि त्या वेळात कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या कुणीतरी मोजाव्यात.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरातल्या कुणाला डिस्चार्ज मिळेल तेव्हा बिलाची घाई जरा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती मिनिटं, किती वेगाने, आठवड्यातून किती दिवस आणि कधी थांबायचं.