पेटंट मोजून गावाची अक्कल कळत नाही

कास्तकार बंधूंनो, नवे शोध कुठे लागतात हे ठरवायचे झाले की हल्ली पेटंट मोजतात. ज्या पत्त्यावर पेटंट जास्त, तो भाग पुढारलेला. या यादीत कंपन्यांच्या शहरातल्या कचेऱ्यांचे पत्ते असतात, आपल्या गावांपुढे बहुतेक भोपळाच. तेवढ्यावरून कुणी म्हणेल की खेड्यात नवे काही होत नाही, तर ते साफ चूक आहे.

आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड तालुक्यातील नांदेड गाव घ्या. दादाजी खोब्रागडे यांची शेती जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमारास पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कुणी असता तर भेसळ म्हणून उपटून टाकता. (बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये तसे करा असे आम्हीच सांगतो, आणि तिथे ते बरोबरही आहे.) दादाजींनी त्या लोंब्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करीत नेली. दाणा बारीक, भात चवदार. व्यापाऱ्यांनी नाव विचारले तेव्हा त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून नाव पडले, एचएमटी! पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच धानातून शुद्ध केलेला पीकेव्ही-एचएमटी हा वाण १९९८ मध्ये प्रसारित केला. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांचे धान लाखो ताटांत पोचले, पण पेटंटच्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्य.

आणि ते शून्यच राहणार. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे शेतीची पद्धत, झाड, बियाणे किंवा वाण यांना पेटंट मिळतच नाही. हे कलम आपल्या भल्याचे आहे बरं का. नाहीतर घरचे बी पेरायलाही कुणाची परवानगी काढावी लागली असती. पण ज्या दुकानात आमचा माल घ्यायलाच बंदी, त्या दुकानाच्या वहीवरून आमची पिकवण कशी मोजता?

अवजाराला पेटंट मिळू शकते. पण गावचा लोहार तिफणीत सुधारणा करतो, ती शेजारी बघतो, आठवडाभरात चार जण तशीच करून घेतात. अर्जाआधी सगळ्यांना दाखवलेली गोष्ट कायद्याच्या लेखी सहसा नवी राहत नाही. म्हणजे गावाची वाटून घेण्याची रीतच इथे आड येते. गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकलला कोळप्याची जोड देऊन केलेल्या यंत्राला पेटंट मिळाले खरे, पण अर्ज-कागद बघायला त्यांच्यामागे संस्था उभी होती. आपल्या लोहारामागे कोण?

उलट, पेटंट मिळाले म्हणजे शोध नवा, असेही नाही. हळदीने जखम भरते, हे आपली आजी सांगते; त्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले होते! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते रद्द झाले जुन्या लेखी पुराव्यांवर. आजीच्या नुसत्या सांगण्यावर झाले नसते.

म्हणून लिहून ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत पातळीवर समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. सरपंच व भाऊसाहेबांनी ती कपाटातून काढून बघावी, गावातले जुने आणि निवडलेले वाण तीत आहेत का. शिवाय २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. पेटंट नसले तरी या कायद्याखाली कास्तकाराला स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतो, आणि त्याला नोंदणीचे शुल्क माफ आहे. नियमांत बसला पाहिजे, एवढेच.

या हंगामात बांधीत वेगळी लोंबी दिसली तर कापणीआधी तिला सुतळी बांधा. गट नंबर, तारीख, कोणत्या वाणात सापडली, धान किती दिवसांत निसवले, सगळे वहीत टिपा. बी निराळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून ठेवा. दोन-तीन हंगाम तसेच उतरले तर वही आणि पिशवी घेऊन तालुका कृषी कार्यालयात या, अर्ज आपण बसून भरू.