कॉर्सेट घ्यायची, पण कुणाच्या मापाची?

या अंकात कॉर्सेटच्या खरेदीवर लिहिते असं मी बैठकीत म्हटलं, तेव्हा दोघी-तिघी हसल्या. "आता स्त्रीमुक्तीवाल्यांनीच कंबर आवळायला शिकवायचं का?" असं एकीने विचारलंही. प्रश्न रास्त आहे. पण ज्या मुली आपल्या शिबिरांना येतात, मोर्च्यात घोषणा देतात, त्यांतल्याच कितीतरी जणी आज साडीवर, घागऱ्यावर, जीन्सवर कॉर्सेट घालतात. आपण नाकं मुरडली की एवढंच होतं, पुढच्या वेळी त्या आपल्याला विचारत नाहीत, दुकानदाराला विचारतात. आणि दुकानदार काय सांगतो ते मी ऐकून आले आहे.

भाचीला मैत्रिणीच्या लग्नासाठी कॉर्सेट हवी होती. तिच्याबरोबर मुंबईतली चार दुकानं फिरले. तीन दुकानांत स्मॉल, मीडियम, लार्ज एवढीच मापं. तिची छाती एका मापात बसे, कंबर दुसऱ्या. एके ठिकाणी चेन लागेना, तेव्हा विक्रेता पडद्याबाहेरून म्हणाला, "पीस बरोबर आहे, मॅडमनी पोट कमी करायला हवं. हीच रोज चार तास घाला, आपोआप कमी होईल." चोवीस वर्षांची धडधाकट मुलगी, बाहेर आली ती मान खाली घालून. कपडा बेतला चुकीचा आणि लाज वाटली तिला! माझा राग आहे तो या उलट्या हिशोबावर.

कॉर्सेटने चरबी जात नाही. आवळलं की मांस इकडचं तिकडे सरकतं, सोडलं की जागेवर येतं. फार आवळली तर पोटाने श्वास घेता येत नाही, वरवर घ्यावा लागतो, जेवण घशाशी येतं. एवढं माहीत असलं की निम्मी जाहिरातबाजी गळून पडते.

आता वस्तू समजून घेऊ. खरी कॉर्सेट म्हणजे घट्ट विणीच्या, न ताणणाऱ्या सुती कापडाच्या उभ्या कळ्या जोडून केलेली अंगी. शिवणींवर नेफ्यासारख्या अरुंद पट्ट्या आणि त्यांत काड्या. पूर्वी या काड्या देवमाशाच्या तोंडातल्या झालरीपासून करत, आता पोलादाच्या असतात. बाजूच्या काड्या तारेच्या चपट्या वेटोळ्यांच्या, त्या अंगाबरोबर सगळीकडे वाकतात. पाठीला रिंगांशेजारी मात्र सपाट पट्ट्या. पुढे खिट्ट्यांची पोलादी जोडपट्टी, मागे नाडी. आतून कंबरेवर एक आडवी मजबूत फीत लावतात, म्हणजे ओढ तिच्यावर येते, शिवणीवर नाही.

स्वस्त मालात काड्या प्लॅस्टिकच्या. अंगाच्या उबेने त्या नरम पडतात, कंबरेशी दुमडतात आणि मग बरगडीखाली टोचत राहतात. नुसती शोभेची म्हणून घ्यायची तर तीही चालेल, पण मग तिला आवळू नये आणि तिचे पाच हजारही देऊ नयेत. आम्ही पाहिलेल्या एकीची किंमत तेवढीच होती आणि आत प्लॅस्टिकच होतं.

दुकानात कॉर्सेट घालून बसून बघा. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. वाकून चपलेचा पट्टा लावा, खोल श्वास घ्या, मोठ्याने हसा. नाडी बांधल्यावर पाठीवर दोनेक इंचांची फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली तर माप ठीक. वर मिटली आणि खाली फाकली, तर ती तुमच्यासाठी बेतलेली नाही. रिंग उलट्या बाजूने पाहा, मागेही चकती हवी, नाहीतर ओढ बसली की कापडातून उपटून येते. जो कंबरेचं माप इंचांत सांगत नाही त्याच्याकडून घेऊच नये. आत पातळ सुती बनियन घालावी, कारण ही वस्तू रोज धुता येत नाही.

कॉर्सेटविरुद्ध आपल्या आधीच्या बायका लढल्या, हे खरंच. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'चं म्हणणं होतं की बाईच्या आतल्या कपड्यांचं एकूण वजन ७ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वातीन किलोंपेक्षा, जास्त असू नये. सुधारलेल्या कपड्यांची ही मर्यादा, तर रोजचं ओझं किती असेल! पण त्याआधी, १८५९ साली, त्रावणकोर संस्थानातल्या नाडर बायकांना छाती झाकणारं वस्त्र घालण्याची परवानगी मिळाली, तीही कित्येक वर्षं मार खाऊन, कपडे फाडून घेऊन. आपल्याकडे केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला चोळी वर्ज्य होती. तेव्हा कमी कपडे म्हणजे मुक्ती किंवा जास्त कपडे म्हणजे मुक्ती, असं सरळ गणित या प्रश्नात मांडता येत नाही.

या सगळ्या चर्चेत कॉर्सेट शिवणारी बाई मात्र कुठेच नसते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी कॉर्सेटचा मोठा कारखाना होता. १९१२ च्या मार्चमध्ये तिथल्या शेकडो बायका-मुलींनी संप केला. मजुरी तुटपुंजी, त्यातून दोऱ्याचे पैसेही त्यांनीच भरायचे, आणि वर मुकादमांचं अंगचटीला येणं. कोर्टाने कारखान्यासमोरच्या निदर्शनांना मनाई केली, तेव्हा त्या फुटपाथवर गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागल्या. मालकाविरुद्धचं गाऱ्हाणं देवाच्या नावाने! संघटक जोसेफिन केसी यांना तुरुंगात टाकण्यात आलं.

आपल्याकडे विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची, अशी त्यात सोय आहे. गाळ्यात पीसवर शिवणाऱ्या किती जणींना ही समिती कुठे बसते ते ठाऊक आहे?

शेवटी आम्ही दुकानांचा नाद सोडला आणि मंडळाच्या शिवणवर्गात शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. भाचीने आधी ऑनलाइन मागवलेली एक कॉर्सेट बरोबर नेली होती. बाईंनी ती उलटी केली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ताई, हे पीसवरचं काम. हिला नगामागे काय मिळालं असेल ते टाक्यांतच दिसतंय." मग त्यांनी छाती, छातीखाली, कंबर, ओटीपोट अशी मापं घेतली, आणि उंची उभी व बसून अशी दोन्ही. आधी मांजरपाटाची कच्ची शिवून दोनदा अंगावर पाहिली. भाचीचा उजवा खांदा जरासा खाली आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाईंनी त्याप्रमाणे एक कळी कमी केली. पोटाबद्दल चकार शब्द नाही.

चार दिवस लागले. सामानाव्यतिरिक्त मजुरी त्यांनी दीड हजार सांगितली, म्हणजे दिवसाला पावणेचारशे. आम्ही तीन हजार दिले. "मावशी, एवढ्यात दोन आल्या असत्या," असं भाची रिक्षात म्हणालीच. तिचा पगार बावीस हजार आहे, तेव्हा कुरकुरीत तथ्य आहे. अशी कॉर्सेट सगळ्यांना परवडणार नाही, हेही मला दिसतं. पण पाच हजारांत प्लॅस्टिक घेणाऱ्या मुली आहेत, आणि आपले शिवणवर्ग अजून परकर, ब्लाउज आणि कापडी पिशव्यांपाशीच थांबलेत. पिशवीत मजुरी किती सुटते हे वर्ग चालवणाऱ्या सगळ्याच जाणतात.

बाईंनी आता वर्गातल्या दोघींना काड्यांचं काम शिकवायला घेतलं आहे. भाचीच्या मैत्रिणींच्या दोन ऑर्डरी आल्यात. मजुरीचा दर मात्र त्यांनी या वेळी आधीच सांगून टाकला, अडीच हजार.