व्हिसाची अट गेली, खिडकीवरची यादी कधी जाणार?

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवान्यासाठी रद्द झालेले कागद मागणे थांबवण्याबाबत.

महोदय,

मोटार वाहन नियम मी तुम्हाला सांगावेत, एवढी माझी पात्रता नाही. पण आरटीओच्या खिडकीवर बसणाऱ्यांना ते कुणी सांगितलेले दिसत नाहीत, आणि तोंडी तक्रारींना तिथे ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून हे उघड पत्र.

7 जानेवारी 2021 ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली. देशातून या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला व्हिसा आणि वैद्यकीय दाखला लागणार नाही, असं तिने ठरवलं. कारणंही दिली : काही देश उतरल्यावर व्हिसा देतात, काही अगदी शेवटच्या घटकेला, आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे त्याला पुन्हा डॉक्टरकडे कशाला पाठवायचं? रास्तच आहे. चाळिशी ओलांडलेल्याकडून नूतनीकरणाच्या वेळी नमुना 1-अ चा दाखला तुम्ही आधीच घेता.

ही अधिसूचना दिल्लीहून निघाली ती बहुधा धामणगाव स्टेशनवर उतरली आणि अजून यवतमाळच्या एसटीची वाट बघत बसली असावी. कारण एजंटच्या टेबलावर काचेखाली जी यादी आहे, तिच्यात ‘व्हिसाची झेरॉक्स’ अजून आहे. ‘डॉक्टरचा दाखला’ आहे. ‘विमानाचं तिकीट’ तर पेनाने वेगळं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. आत खिडकीवर विचारलं, तर ‘यादीप्रमाणे आणा’. कोणत्या कार्यालयाची खिडकी, हे मुद्दाम लिहीत नाही. जिल्ह्याबाहेरच्या नातेवाइकांनीही हेच सांगितलंय. एका कारकुनाची बदली करून प्रश्न सुटणार असता, तर मी तेवढीच मागितली असती.

व्हिसा आधी मागितल्याने काय होतं, तेही ऐका. व्हिसा हाती पडेपर्यंत अर्जच करता येत नाही. तो पडला की निघायला मोजके दिवस उरतात. मग घाई, आणि घाई म्हटली की एजंट. सरकारी फी 1000 रुपये. एजंट मात्र आपला आकडा माणसाच्या चेहऱ्यावरची घाई बघून सांगतो. एवढं करून मिळणारं परवान्याचं पुस्तक जास्तीत जास्त वर्षभर चालतं, आणि लायसन त्याआधी संपत असेल तर तेवढंही नाही.

मार्च 2021 मध्ये कार्यालयात न येता आधारच्या ओळखीवर मिळणाऱ्या 18 सेवा केंद्राने जाहीर केल्या. त्यांत हा परवाना आहे. शिवाय जानेवारीच्या त्याच अधिसूचनेने परदेशात परवाना संपलेल्यांचीही सोय केली : अर्ज भारतीय दूतावासात द्यायचा, तो इथल्या आरटीओकडे येणार, आणि आरटीओ परवाना कुरिअरने त्याच्या तिथल्या पत्त्यावर धाडणार. म्हणजे टोकियोत बसलेल्या माणसाचं पुस्तक घरपोच! आणि उमरखेडच्या, वणीच्या माणसाने? यवतमाळ जिल्ह्यात 16 तालुके आहेत. या दोन्ही गावांहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वर ‘व्हिसा आणा’ हे उत्तर, असा तो हिशेब आहे.

परदेशात गाडी चालवायची हौस श्रीमंतांची, असं तुमच्या खात्यात कुणाला वाटत असेल तर पुसदच्या, यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरं बघा. कुणी नोकरीला जातो, कुणाची आई बाळंतपणाला जाते. जपानमध्ये नुसतं भारतीय लायसन चालत नाही. 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेलं पुस्तकच लागतं. पुस्तकाशिवाय गाडी ठोकली, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

या पुस्तकाचं रूप राज्याराज्यांत वेगवेगळं असल्याने लोकांना परदेशात अडचणी येत होत्या. म्हणून 26 ऑगस्ट 2022 ला केंद्राने देशभर एकच नमुना ठरवला, त्यावर क्यूआर कोड घातला. पुस्तक सारखं झालं. यादी मात्र ज्याच्या मनाला येईल ती.

म्हणून मागण्या तीनच. परवान्याच्या अर्जासोबत (नमुना 4-अ) नेमके कोणते कागद लागतात, त्याची सही-शिक्क्याची मराठी यादी प्रत्येक कार्यालयाच्या दारावर लावा. व्हिसा किंवा दाखला मागून अर्ज परत केला, तर कोणत्या नियमाखाली ते लेखी द्यायला लावा. आणि तालुक्याच्या आरटीओ कॅम्पमध्ये हे अर्ज घ्या, पुस्तक टपालाने पाठवा.

यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. जो नियम झालाय, तो पाळा. तो पाळायचा नसेल तर तसा फलक लावा. निदान लोकांचं एसटीचं भाडं तरी वाचेल.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक परवानाधारक