वळिवड्याची ठेव

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पहाटे फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या वाटेवर एक स्मारक आहे. ते ना कोणा छत्रपतींचे, ना स्वातंत्र्यसैनिकाचे. ते उभारले आहे हजारो मैल दूरच्या पोलंड देशातील माणसांनी, आणि तेही कोल्हापूरकरांचे आभार मानण्यासाठी. चालण्याच्या फेऱ्या मोजण्यात गुंतलेल्यांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना पुढील दीड-दोन वर्षांत घरांतून उठवून मालगाड्यांतून सायबेरियात व कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, उपासमार आणि सक्तीचे श्रम यांत कित्येक दगावले. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा समेट होऊन या माणसांची सुटका झाली. जी चालू शकत होती ती इराणपर्यंत पोहोचली. पुरुष सैन्यात भरती झाले. मागे राहिल्या त्या स्त्रिया, वृद्ध आणि मुले. त्यांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न होता.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला, ही हकीकत बहुश्रुत आहे. कोल्हापूरची हकीकत आकाराने त्याहून मोठी असूनही कमी सांगितली जाते. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे या गावी, मिरजेच्या रेल्वेमार्गालगत, १९४३ मध्ये छावणी उभी राहिली आणि सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले. बराकींच्या रांगा, शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना, नाट्यगृह असे एक छोटे पोलंडच तेथे वसले. १९४७-४८ च्या सुमारास छावणी मोडेपर्यंत शेकडो मुलांचे बालपण तेथे सरले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवावयास हवी. छावणीचा खर्च प्रामुख्याने लंडनस्थित पोलिश सरकार करीत होते, आणि जागा देण्याचा निर्णय राज्यकर्त्यांच्या पातळीवरचा होता. म्हणजे हिशेबाच्या वहीत पाहिले, तर वळिवड्याच्या वा कोल्हापूरच्या सामान्य माणसाच्या नावावर देणगी म्हणून एक रुपयाही जमा दिसणार नाही. मग आभार कशाचे?

उत्तर त्या मुलांनीच पुढे दिले. युद्ध संपले तरी त्यांतील बहुतेकांना परतण्यास घर उरले नव्हते, कारण त्यांचा मुलूख सोव्हिएत हद्दीत गेला होता. ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे पांगली. लंडनमध्ये त्यांनी भारतातील वास्तव्याची संघटना स्थापली आणि आठवणींचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. या मंडळींच्या मनात राहिले ते कोल्हापूर रोजच्या व्यवहारातले होते: छावणीत फळे-भाजी घेऊन येणारे आणि पाहता पाहता कामापुरती पोलिश बोलू लागलेले विक्रेते, पंचगंगेचा काठ, आणि आपल्याकडे संशयाने न पाहणारे शेजारी. १९४३ हे साल लक्षात घेतले, तर या शेजारधर्माचे मोल कळते. त्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, देशभर धान्याची टंचाई होती. अशा काळात परक्या वर्णाचे, परक्या भाषेचे पाच हजार लोक वेशीजवळ येऊन राहिले, तर कुरकुर करण्यास कारण पुरेसे होते.

दयेची ही ठेव मुदत ठेवीसारखी नव्हती. मुदत ठेवीला पावती असते, व्याजाचा दर असतो, नामनिर्देशन असते. येथे ठेवीदारांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. बँकेत दहा वर्षे न हाललेल्या खात्यातील रक्कम नियमानुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. हे खाते मात्र पाऊणशे वर्षांनंतरही चालू निघाले. सप्टेंबर २०१९ मध्ये, महापुराचा चिखल पुरता वाळला नव्हता तेव्हा, छावणीत वाढलेली आता वृद्ध झालेली काही माणसे आपल्या देशाच्या मंत्र्यांसमवेत कोल्हापुरात आली. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पांजली वाहिली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा तेथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसाविना प्रवेश दिला. ही वळिवड्याची परतफेड, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. ते पूर्णतः खरे मानता येत नाही. पोलंडने त्या दिवसांत अनेक देशांच्या नागरिकांसाठी दार उघडले होते. उपकार फेडण्यापुरताच तो उघडला असता, तर त्याची किंमत उलट कमी झाली असती. सीमेवर कडाक्याच्या थंडीत तिष्ठत उभ्या असलेल्या मुलांच्या आईबापांना मात्र या हिशेबाशी कर्तव्य नव्हते. मुलगा पलीकडे पोहोचला, एवढा निरोप त्यांना पुरला.

ज्यांनी १९४३ मध्ये छावणीच्या फाटकाशी हसून दोन शब्द बोलून पेरू विकले, त्यांतील बहुतेकांना यातले काहीही पाहावयास मिळाले नाही. काही पोलिश माणसे तर मायदेशी परतलीच नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. एका पोलिश तरुणीने मराठी कुटुंबात विवाह केला आणि ती आयुष्यभर येथेच राहिली.

आणि छावणी? पोलिश लोक निघून गेल्यावर त्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सर्वस्व गमावून सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तेथे निवारा मिळाला. वस्तीचे नाव गांधीनगर पडले. त्या कुटुंबांनी कापडाचा व्यापार मांडला, आणि आज कोल्हापूर, सांगली, बेळगावकडील घरोघरची मंडळी लग्नाचा बस्ता बांधावयास त्याच जागी जातात.