वार्धक्य आणि औषधांची सांखळी

वृद्धांच्या औषधोपचारांत एक घोटाळा नकळत होत असतो. रक्तदाबासाठीं अम्लोडिपिन सुरू होतें. त्यानें कित्येकांचे घोटे सुजतात. ती सूज नवी व्याधि समजून दुसरा डॉक्टर लघवी वाढविणारी गोळी देतो. मग रात्रीं वारंवार उठणें, अंधारांत तोल जाणें आणि खुब्याचें हाड मोडणें! मूळ औषधच बदलतां आलें असतें, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

अमेरिकेंत डॉ. मार्क बीअर्स यांनीं १९९१ सालीं वृद्धांस बहुधा अयोग्य अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या २०२३ च्या आवृत्तींत सर्दीच्या गोळ्यांतलें क्लोरफेनिरामिनही आहे. त्यानें बुद्धिभ्रम होऊं शकतो.

वडील मंडळींस डॉक्टरांकडे नेतांना घरांतील सर्व औषधें, काढेसुद्धां, बरोबर न्यावीं व कोणतें बंद करतां येईल तें विचारावें. स्वतःच्या मतानें मात्र एकही सोडूं नये.