विश्लेषण : मंदीत पिणारे घटतात, तरी दारूचे बळी का वाढतात?

मंदी आली की लोक खर्चाला कात्री लावतात, त्यामुळे दारूही कमी होत असेल, असा एक समज. नोकरी गेली की माणूस बाटली जवळ करतो, हा दुसरा. जगभरातील अनुभव पाहिला तर दोन्ही समज खरे ठरतात, पण वेगवेगळ्या माणसांबाबत. म्हणूनच मद्यविक्रीच्या आकड्यांवरून समाजाच्या आरोग्याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

सरासरी कशी फसवते?

अमेरिकेतील २००८-०९च्या महामंदीचे उदाहरण घेऊ. तेथील आरोग्य सर्वेक्षणांवर आधारित अभ्यासानुसार, मद्यपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००६-०७मधील ५२ टक्क्यांवरून मंदीच्या काळात ५१.६ टक्क्यांवर आले. त्याच वेळी वारंवार एका बैठकीत भरमसाट पिणाऱ्यांचे प्रमाण ४.८ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर गेले. फरक लहान दिसतो, पण एवढ्या मोठ्या देशात तो लाखो माणसांचा आहे. थोडक्यात, अधूनमधून पिणाऱ्यांपैकी काहींनी हात आखडता घेतला. अतिरेक करणारे मात्र वाढले. यकृताचे आजार, विषबाधा आणि अपघात यांचा मोठा धोका असतो तो याच दुसऱ्या गटाला.

नोकरी जाण्याशी संबंध काय?

उत्पन्न घटल्याने पिणे परवडत नाही, हा मंदीचा एक परिणाम. दुसरीकडे चिंता, कर्जाचा बोजा, गेलेली प्रतिष्ठा आणि रिकामा वेळ माणसाला दारूकडे ढकलतात. युरोपीय संघातील २६ देशांच्या १९७० ते २००७ या काळातील आकडेवारीचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये २००९ साली प्रसिद्ध झाला. बेरोजगारी तीन टक्क्यांहून अधिक वाढली, तेव्हा ६५ वर्षांखालील व्यक्तींचे मद्याच्या गैरवापरामुळे होणारे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसले. रस्ते अपघातांतील मृत्यू मात्र घटले होते.

रशियात काय घडले?

सर्वांत भीषण उदाहरण रशियाचे. गोर्बाचेव्ह यांनी १९८५मध्ये सुरू केलेल्या मद्यविरोधी मोहिमेनंतर तेथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९८७मध्ये ६५ वर्षांच्या आसपास पोहोचले होते. मोहीम गुंडाळली गेली आणि पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळला. १९९२मध्ये किमतींवरील नियंत्रण उठल्यावर अन्नधान्य कडाडले. त्या तुलनेत व्होडका स्वस्त झाली. कारखाने बंद पडले, पगार थकले. १९९४पर्यंत पुरुषांचे आयुर्मान ५८ वर्षांच्या खाली घसरले. याला दारू हे एकमेव कारण नव्हते. पण प्रमुख कारणांमध्ये तिची गणना होते. संकट आणि स्वस्त दारू एकत्र आली की काय होते, हे यातून दिसले.

करोनाकाळाने काय दाखवले?

ब्रिटनमध्ये थेट मद्यामुळे झालेले मृत्यू २०१९मध्ये ७,५६५ होते. २०२०मध्ये ते ८,९७४ झाले. पब बंद होते, पण दुकानांतून घरी नेलेली दारू वाढली. यातील बहुतांश मृत्यू यकृताच्या आजाराने झाले. यकृत आधीच खराब झालेल्यांचे पिणे वाढले, तर परिणाम दिसायला वर्षे लागत नाहीत.

दारू एकाएकी थांबली तर?

रोज खूप पिणाऱ्याचे पैसे संपले किंवा दुकान बंद झाले, की वेगळाच धोका उभा राहतो. हातापायांना कंप, झटके, भ्रम अशी लक्षणे दिसतात. उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. मार्च २०२०च्या टाळेबंदीत केरळमध्ये काही आत्महत्या झाल्या. त्यानंतर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एप्रिल २०२१मध्ये निर्बंधांच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने काही जणांचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रासाठी धडा कोणता?

राज्याने जून २०२५मध्ये मद्यावरील शुल्क वाढवले, ते मुख्यतः महसुलासाठी. किंमत वाढली की एकूण पिणे कमी होते, याला जगभर पुरावा आहे. पण व्यसनात अडकलेला गरीब माणूस दारू सोडण्याऐवजी हातभट्टीकडे वळला तर धोका वाढतो. मुंबईत २०१५मध्ये मालवणीच्या विषारी दारूने १००हून अधिक बळी घेतले होते. त्यामुळे करवाढीबरोबरच अवैध दारूवर कारवाई आणि जिल्हा पातळीवर व्यसनमुक्ती उपचार हवेत. मंदीत या उपचारांची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच सरकारचा हात आखडतो. महसुलाचा काही हिस्सा उपचारांसाठी राखून ठेवणे, हा त्यावरचा एक मार्ग आहे.

घरातील कोणाचे पिणे वाढले असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. रोज खूप पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच दारू सोडावी.