चव्हाटा कोणाच्या मालकीचा?

ब्रिटनमधील शहरांच्या आणि खेड्यांच्या मध्यवर्ती पेठा ओस पडत असल्याबद्दल तेथे गेली काही वर्षे मोठा विलाप चालू आहे. २००९च्या जानेवारीपर्यंत वूलवर्थची आठशेहून अधिक दुकाने बंद झाली, २०१६ साली बीएचएस बुडाली, १७७८ पासूनचा वारसा सांगणाऱ्या डेबनम्सने २०२१ साली शेवटच्या दुकानालाही टाळे लावले. या विलापात दोन सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, काळ बदलला, लोकांना घरबसल्या माल हवा आहे, त्याला कोण काय करणार? दुसरा उसासा टाकतो : कुठे गेला तो पाववाला, कुठे गेले ते चौकातले पोस्ट! आम्हांला दोन्ही सूर सारखेच भोंगळ वाटतात. मालकीचा प्रश्न पहिल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याला तो पाहायचा नसतो.

इंग्लंडच्या खेड्याच्या मध्यभागी असलेली हिरवळ ही चित्रात शोभावी म्हणून राखलेली नव्हती. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजार दोनशेहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणाआड घातली आणि गोरगरिबांचे चराईचे व सरपणाचे हक्क बुडवले. या लुटीतून जे तुकडे वाचले, त्यांत या हिरवळी होत्या. डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या हिरवळीवरील झाडाखाली शेतमजूर आपल्या संघटनेसाठी जमत. १८३४ साली त्यांच्यापैकी सहाजणांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ते ऑस्ट्रेलियाला रवाना झाले. ते झाड आजही तेथे उभे आहे. छप्पर जमीनदाराचे असले तरी झाडाखालची जागा सर्वांची होती, एवढाच त्यांचा आधार. शहरांतही तेच. १८४४ साली रॉचडेलच्या २८ सभासदांनी भेसळ करणाऱ्या दुकानदारांना उत्तर म्हणून आपले सहकारी दुकान उघडले, ते भर वस्तीतल्या टोड लेन या गल्लीत. ज्याला आपण मराठीत चव्हाटा म्हणतो, त्यावर केवळ खरेदीविक्री होत नाही. तेथे गाऱ्हाणी मांडली जातात, लोक जमतात आणि बलवंताला जाब विचारला जातो.

हा चव्हाटा मोडला कसा? डडलीचे उदाहरण घ्या. या जुन्या बाजारपेठेच्या गावाजवळचा राउंड ओक पोलाद कारखाना १९८२ साली बंद झाला. थॅचरबाईंच्या सरकारने ‘उद्योगक्षेत्र’ म्हणून काही मुलूख जाहीर केले होते. तेथे दहा वर्षे स्थानिक कर माफ आणि बांधकामाचे नियम सैल. उद्योग यावेत म्हणून दिलेल्या या सवलतीचा फायदा घेऊन तेथे उभे राहिले ते मेरी हिल नावाचे अवाढव्य खरेदी केंद्र. डडलीच्या पेठेतला दुकानदार कर भरत राहिला आणि त्याची गिऱ्हाइके दोनतीन मैलांवर, करमुक्त जागेत, मोटारीतून जाऊ लागली. मोठ्या दुकानांनीही मग गावातला गाशा गुंडाळला. गेट्सहेडचे मेट्रोसेंटर असेच, १९८६ सालचे. त्याला पैसा पुरवला चर्च ऑफ इंग्लंडच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी! ज्याने देवळातून व्यापाऱ्यांना हाकलले, त्याच्या नावाने चालणारी ही संस्था. आणि आपण मुंबईकरांनी हसण्याचे कारण नाही. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी जो मॉल आला, त्याला नाव दिले गेले होते ‘हाय स्ट्रीट’.

घरबसल्या खरेदीने पेठांना धक्का दिला, हे खरेच आहे. पण तो धक्का बसला तेव्हा दुकाने धडधाकट होती काय? डेबनम्स २००३ साली तीन गुंतवणूक कंपन्यांनी मिळून विकत घेतली. त्यांनी २३ दुकानांच्या इमारती विकून त्याच पुन्हा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतल्या, शंभर कोटी पौंडांहून अधिक रक्कम लाभांश म्हणून उचलली, आणि कर्जाने वाकलेली कंपनी २००६ साली शेअरबाजारात परत सोडून दिली. हाडे पोखरून झाल्यावर वाऱ्याला दोष देण्यासारखेच हे झाले. खेड्यांच्या बाबतीत तर बाजाराचेही निमित्त नव्हते. २००७ ते २००९ या काळात सुमारे अडीच हजार पोस्टे बंद करण्याचा निर्णय खुद्द मजूर पक्षाच्या सरकारचा होता.

परंतु दुकान जाणे हा या कहाणीचा लहान भाग आहे. मोठा भाग वॉशिंग्टन येथे घडला. अमेरिकेतले नव्हे, ईशान्य इंग्लंडमधले वॉशिंग्टन. तेथे सरकारने नेमलेल्या विकास महामंडळाने नवे शहर वसवले आणि त्याचे केंद्रही बांधले : दुकाने, त्यांमधल्या पायवाटा, वाहनतळ. १९८७च्या डिसेंबरअखेर हे सारे केंद्र एका खाजगी कंपनीला विकले गेले. १९९८ साली नगरपालिकेने केंद्राजवळच्या एकमेव सार्वजनिक मैदानावर बांधकामाला परवानगी देऊ केली, तेव्हा काही रहिवाशांनी विरोधासाठी सह्या गोळा करण्याचे ठरवले आणि केंद्राच्या दाराशी टेबल मांडले. कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्यांना उठवले. जागा खाजगी आहे! प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २००३च्या मे महिन्यात सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला की यात हक्कभंग झालेला नाही. रहिवाशांना घरोघर जाता येईल, गावाच्या जुन्या भागात उभे राहता येईल.

वाचकहो, या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जनतेच्या पैशाने बांधलेल्या गावात, जनतेचे मैदान वाचवण्यासाठी, माणसे जेथे असतात तेथे कागद घेऊन उभे राहण्याचा अधिकार जनतेला नाही; माणसे जेथून निघून गेली, तेथे मात्र खुशाल उभे राहा. २०११ साली लंडनमध्ये शेअरबाजारासमोर धरणे धरू पाहणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. पॅटरनॉस्टर चौक खाजगी असल्याने न्यायालयाने मनाई केली आणि त्यांना शेजारच्या सेंट पॉल कॅथीड्रलबाहेर तंबू ठोकावे लागले. लिव्हरपूलच्या मध्यभागी तर ४२ एकरांचा टापू अडीचशे वर्षांच्या पट्ट्याने वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या कंपनीकडे गेला. सरंजामदार गेले असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचले होते.

यावर ‘मग करायचे काय?’ असा प्रश्न येतो. प्रेस्टनमध्ये ७० कोटी पौंडांची मॉलची योजना २०११ साली बारगळली, तेव्हा तेथील मजूर पक्षाच्या नगरपालिकेने दुसरा बिल्डर शोधत बसण्याऐवजी शहरातील सार्वजनिक संस्थांना आपली खरेदी स्थानिक पुरवठादारांकडे वळवण्यास राजी केले, आणि व्हिक्टोरियाकालीन छपराखालचा आपला बाजार दुरुस्त करून २०१८ साली पुन्हा चालू केला. हे चांगलेच झाले. मात्र बाजार वाचवून चौक वाचतोच असे नाही. त्यासाठी कायदा हवा; आणि तो अशक्य कोटीतला नाही. कॅलिफोर्नियात खाजगी खरेदी केंद्रातही सह्या गोळा करण्याचा हक्क मानला जातो, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच त्याला मान्यता दिली आहे. वॉशिंग्टनचा निकाल लागला तेव्हा ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे भक्कम बहुमत होते आणि ते पुढे २०१० पर्यंत सत्तेवर राहिले. त्या सात वर्षांत अशा हक्काचा कायदा करण्यास त्यांना कोणी अडवले होते, हे त्या पक्षाच्या पुढाऱ्यांनीच सांगावे. २०२४ साली त्यांच्या हाती सत्ता पुन्हा आली आहे.